सोळा, चौसष्ट, बत्तीस : नाडीशुद्धीच्या ऑडिओच्या नोंदी

गुरुवार, 30 जानेवारी 2025, मिरज

ताईच्या योगवर्गासाठी ऑडिओ करून द्यायचा ठरला. आज माघ शुद्ध प्रतिपदा, म्हणून वहीचं पहिलं पान आजच्या तारखेचं.

वर्ग देवळाच्या सभामंडपात पहाटे पावणेसहाला भरतो. चौदा-पंधरा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. ताईचं म्हणणं असं : "घेरंडसंहिता म्हणून हठयोगाची जुनी पोथी आहे, तिच्या पाचव्या अध्यायात समनु नाडीशुद्धी आहे. शरीर, श्वास, मन, तिन्ही एका बैठकीत धुऊन निघतात. पण मीच तोंडाने मोजत बसले तर माणसांकडे बघणार कोण? मोजायचं काम तू रेकॉर्डिंगवर टाक."

वहीत आधी विधी उतरवून घेतला. नाड्या म्हणजे अंगातल्या प्राणाच्या वाटा, त्या धुणं म्हणजे नाडीशुद्धी. तिचे दोन प्रकार. निर्मनु म्हणजे धौतीसारख्या क्रियांनी धुणं. समनु म्हणजे बीजमंत्र मनात धरून श्वासाने धुणं. समनूच्या तीन फेऱ्या.

पहिली वायूची. धुराच्या रंगाचं यं मनात आणायचं, डाव्या नाकपुडीने सोळा मात्रा श्वास घ्यायचा, चौसष्ट मात्रा धरायचा, उजवीने बत्तीस मात्रांत सोडायचा. दुसरी अग्नीची. बेंबीच्या मुळाशी अग्नी जागा झालाय असं बघायचं, रं म्हणत उजवीने सोळा, धरायचा चौसष्ट, डावीने बत्तीस. तिसरी चंद्राची. नाकाच्या शेंड्यावर चांदण्यासकट चंद्रबिंब. ठं म्हणत डावीने घ्यायचा, वं म्हणत धरायचा, तेवढ्या वेळात अमृत पाझरून सगळ्या नाड्या धुतल्या जातायत असं बघायचं, आणि लं म्हणत सोडायचा. आधी वाळवणं, मग जाळणं, मग धुणं, आणि शेवटच्या लंने घट्ट करणं, कारण लं हे पृथ्वीचं बीज.

सोळा, चौसष्ट, बत्तीस. मी तबलजी माणूस. सोळा म्हटलं की माझा हात आपोआप मांडीवर पडतो. एक आवर्तन पूरक म्हणजे श्वास घेणं, चार आवर्तनं कुंभक म्हणजे धरणं, दोन आवर्तनं रेचक म्हणजे सोडणं. ताईला म्हटलं, हा तर सरळ सोळा मात्रांचा त्रिताल आहे. ती म्हणाली, "तुला दुधाच्या हिशेबातही त्रितालच दिसतो."

मुदत : गुढीपाडवा, 30 मार्च. ही तारीख ताईने उगाच काढलेली नाही. योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, असं याच अध्यायात आहे. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण त्याचा अनुभव माघापासूनच येऊ लागतो असंही पुढे म्हटलंय. म्हणजे तयारीचे दोन महिने पोथीच्या हिशेबातच बसतात.

रविवार, 2 फेब्रुवारी

अख्खा दिवस एका प्रश्नात गेला : मात्रा म्हणजे किती वेळ?

माझ्या धंद्यात या प्रश्नाला अर्थच नाही. मात्रा म्हणजे लयीने ठरेल तेवढी. विलंबित ख्यालात एका मात्रेत माणूस घोटभर पाणी पिऊन घेईल, द्रुतात पापणी लवायला वेळ नाही. पण रेकॉर्डिंगला आकडा लागतो.

ताईने योगतत्त्व उपनिषद काढलं. तिथे व्याख्या आहे : गुडघ्याभोवती हात फिरवायचा, फार भरभर नाही, फार सावकाश नाही, आणि एक चुटकी वाजवायची. तेवढी एक मात्रा. मूळ शब्द "न द्रुतं न विलम्बितम्". मी उडालोच. म्हणजे मध्यलय! ताई म्हणाली, आता मात्र तुझं खरं आहे.

मग घरातले सगळे मांडी घालून गुडघ्याभोवती हात फिरवत बसलो. माइक लावला, प्रत्येकाच्या दहा-दहा चुटक्या घेतल्या आणि दोन चुटक्यांमधलं अंतर मोजलं. मी : सरासरी 1.4 सेकंद. ताई : 1.9. तिचा नऊ वर्षांचा नातू : 0.8, कारण त्याला खेळायला जायचं होतं. आईला गुडघेदुखी, तिने नुसती चुटकी वाजवली आणि म्हणाली, "माझी मात्रा एवढीच."

हिशेब केला. एक मात्रा एक सेकंद धरली तरी एका श्वासाला 16 + 64 + 32, म्हणजे 112 सेकंद. तीन फेऱ्यांना साडेपाच मिनिटांच्या थोडं वर. दीड सेकंद धरली तर एकच श्वास 168 सेकंदांचा, पावणेतीन मिनिटांहून जास्त. बसल्या जागी मोठं माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतं. इथे पावणेतीन मिनिटांत एक.

स्वतःवर करून बघितलं. मेट्रोनोम साठवर. सोळात श्वास भरला, धरला. कानशिलं एकतिसाव्या ठोक्याला वाजायला लागली, एकेचाळीसला सोडला. सोडला कसला, फुटला. बत्तीस मात्रांचा रेचक राहिला बाजूला, दोन मात्रांत मैदान रिकामं.

आणि पोथीच्या मते सोळाचं प्रमाण नुसतं मध्यम आहे. बाराचं अधम, विसाचं उत्तम. अधमाने घाम येतो, मध्यमाने पाठीचा कणा कापतो, उत्तमाने माणूस जमीन सोडतो. मी बहुधा अधमाच्याही अलीकडचा, कारण घाम तेवढा आला.

मंगळवार, 4 फेब्रुवारी (रथसप्तमी)

पहिलं रेकॉर्डिंग. पहाटे साडेतीनला बसलो, रस्ता तेवढाच वेळ गप्प असतो. जंक्शनवरचे भोंगे मात्र गप्प नसतात. दोन टेक भोंग्याने गेले, एक कुत्र्याने, एक माझ्याच पोटाच्या गुरगुरीने. पाचवा ठीक.

ठेवलेलं माप : एक मात्रा एक सेकंद, पूरक 4, कुंभक 16, रेचक 8. प्रमाण तेच, आकडे चतुर्थांश. चौथाईने त्रितालाचं आवर्तन फोडावं लागतं हे मला खटकत होतं, म्हणून दर मात्रेला ठेक्याचे चार बोल टाकले, चौपट लयीत. चार मात्रांच्या पूरकात अख्खं आवर्तन बसलं. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ऐकायला फार गोड झालं. डग्ग्याचा घुमारा तर असा आला की मीच दोनदा ऐकलं.

रविवार, 9 फेब्रुवारी

वर्गात पहिली चाचणी. चौदा जण.

गोड झालं हाच घोटाळा. पहिल्या फेरीपासून माना डोलायला लागल्या. वकीलकाकांनी तर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मांडीवर थाप दिली. मिरजेत ताल कुणाला शिकवावा लागत नाही. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि ज्याच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या आठवणीत गाणं होतं, त्या गावाला मी तबला ऐकवून मन शांत करायला निघालो होतो.

दुसरं असं की समेची ओढ श्वासापेक्षा जबर निघाली. ज्याचा श्वास आधीच संपला होता तोही समेपर्यंत रेटत होता. समेवर सगळे एकदम "हुश्श". रेचक म्हणजे आठ मात्रा सावकाश सोडणं, इथे पहिल्याच मात्रेला सगळी हवा बाहेर.

ताई काही बोलली नाही. चटया गोळा करताना एवढंच म्हणाली, "लय कमी कर." मी ऐकलं, पण चुकीचं ऐकलं.

रविवार, 16 फेब्रुवारी

लय कमी केली, म्हणजे मात्रा सव्वा सेकंदाची केली. तबलजीच्या भाषेत लय कमी म्हणजे संथ. कुंभक त्यामुळे 16 सेकंदांवरून 20 वर गेला. हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या फेरीत नळ्यांच्या दुकानाचे मालक बसल्या जागी डावीकडे कलंडले. शेजारच्यांनी धरलं. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. दोन मिनिटांत सावध झाले, पाणी प्यायले, वर "काही नाही, उपाशीपोटी होतो म्हणून" असं सांगून मोकळे. मग हळूच कळलं की रक्तदाबाची गोळी दोन वर्षं चालू आहे आणि वर्गाच्या फॉर्मवर त्यांनी ते लिहिलेलं नाही.

त्यांनी लिहिलं नाही ही त्यांची चूक, पण वीस सेकंद श्वास धरायला लावणारा आवाज माझा होता. आणि तो आवाज थांबत नाही. ताई तोंडाने मोजत असती तर त्यांचा चेहरा बघून थांबली असती. स्पीकरला चेहरा दिसत नाही.

घरी आल्यावर ताईने हठप्रदीपिका, हठयोगाची दुसरी जुनी पोथी, पुढ्यात ठेवली. दुसरा अध्याय, बोट ठेवून : सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो. "'शनैः शनैः' असं दोनदा लिहिलंय. तू ते लयीचं नाव समजलास."

दुकानवाल्या काकांना डॉक्टरांकडे जायला लावलं. त्यांनी श्वास रोखण्याचे प्रकार बंद सांगितले, नुसता सावकाश श्वास चालेल म्हणाले.

सोमवार, 17 फेब्रुवारी

निर्णय : कुंभक काढला. फक्त दुकानवाल्या काकांपुरता नाही, सगळ्यांचाच. पूरक 4, रेचक 8. मधे धरायचं काही नाही, श्वास वळताना जेवढा थबकतो तेवढाच.

माझी कुरकुर नोंदवून ठेवतो : चौसष्ट काढून सोळा आणि बत्तीस उरले तर घेरंडांचं काय उरलं? ताईचं उत्तर असं की कुंभक ही पुढची इयत्ता. घेरंडांनीच क्रम लावून दिलाय : आधी जागा, मग काळ, मग मिताहार, मग नाडीशुद्धी, आणि त्यानंतर प्राणायाम. "मिताहाराचा एक दिवस धड न पाळता चौसष्ट मात्रांवर उडी मारलीस." मिताहार म्हणजे अर्धं पोट अन्न, एक भाग पाणी, आणि चौथा भाग वाऱ्याला फिरायला मोकळा. काल रात्री मी झुणका आणि चार भाकरी खाल्ल्या होत्या. वाऱ्याला सोडलेला भाग शून्य.

तबला पण काढायचा. यावर मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस मागितले.

गुरुवार, 20 फेब्रुवारी

मधल्या वेळात नाकाचा प्रश्न. तक्रार अशी : "डावीने घ्या म्हणता, पण डावी बंदच असते." पंधरांतल्या सहा जणांची.

यात बिघाड काही नाही. दोन्ही नाकपुड्या एका वेळी सारख्या मोकळ्या बहुतेकदा नसतातच. आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आळीपाळीने फुगतात, एक बाजू भरते, दुसरी मोकळी होते, आणि काही तासांनी पाळी बदलते. जुनी माणसं यालाच चंद्रस्वर, सूर्यस्वर म्हणायची. डावी मोकळी हवी असेल तर उजव्या कुशीवर पाचेक मिनिटं पडायचं. ताईने तिघांना सभामंडपातच आडवं केलं, दोघांची उघडली. तिसऱ्या तिथेच झोपी गेल्या.

ज्यांना कायमचाच शेंबूड त्यांना जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. उकळून कोमट केलेलं पाणी, अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ. नळाचं पाणी तसंच घ्यायचं नाही, हे ताई तीन वेळा सांगते, कारण नाकाच्या वाटेने गेलेला जंतू पोटात जात नाही, थेट वर जाऊ शकतो. नेती झाल्यावर वाकून नाक नीट कोरडं करायचं, नाहीतर दिवसभर दर वाकण्याला दोन थेंब.

एक गंमत. या क्रिया सगळ्यांनी कराव्यात असं हठप्रदीपिका म्हणतच नाही. ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त त्यानेच आधी षट्कर्मं, म्हणजे नेती-धौतीसारख्या सहा शुद्धिक्रिया, कराव्यात, बाकीच्यांनी करू नयेत. आणि थोडं पुढे गेलं की काही आचार्यांचं मत दिलंय : प्राणायामानेच सगळे मळ वाळून जातात, दुसरं काही नकोच. भांडण जुनं आहे आणि ग्रंथाने ते मिटवलेलं नाही, दोन्ही बाजू लिहून ठेवल्यात. मला हे आवडलं.

बुधवार, 26 फेब्रुवारी (महाशिवरात्र)

वर्गाला सुट्टी. सतारमेकर गल्लीत गेलो. माझ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा घुमारा, बसली होती, ती काढायला दिली होती.

कारागीर घोडीच्या हाडावर कानस फिरवत होते, अगदी दोन-दोन घास, मग तार छेडून ऐकायचं, मग पुन्हा दोन घास. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला. केसभर पुढे, आवाज मेला. केसभर मागे, आवाज चिरका. मधे एक जागा आली आणि तार उघडली, एका सुरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, चार तारा आणि तो एक दोरा.

परत येताना रिक्षात सुचलं. खरं म्हणजे सुचायला नको होतं, लहानपणी शिकलेलंच होतं. तंबोऱ्यावर बसणाऱ्याला पहिला धडा हाच असतो की तालाच्या नादी लागायचं नाही. तबला काहीही करू दे, तुझं बोट तुझ्या चालीने फिरत राहिलं पाहिजे. मात्रेवर तार पडायला लागली की गवई मागे वळून बघतो.

म्हणजे मला मात्रा न सांगणारं वाद्य हवं होतं आणि मी महिनाभर मात्रा सांगणारं वाजवत बसलो होतो.

मग मोजणार कोण? बीज मोजणार. यं मनात चार वेळा म्हटलं की पूरक झाला, आठ वेळा म्हटलं की रेचक. सोळा आणि बत्तीस हे यंचेच आकडे आहेत, मंत्र आणि मोजपट्टी एकच. बाहेरून ठोका दिला की मन ठोक्याकडे जातं, बीज राहतं बाजूला. आणि ज्याचा श्वास आखूड त्याचं यं आपसूक भरभर होतं. हीच त्याची गुडघ्याभोवतीची चुटकी.

ताईला फोन केला. म्हणाली, "मी हेच सांगत होते." सांगत नव्हती, पण असू दे.

रविवार, 2 मार्च

तंबोरा रेकॉर्ड केला. चार तारा : पंचम, दोन जोड, खर्ज. सूर काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, ताईचा बोलण्याचा आवाज त्यावर बसतो म्हणून. सलग 19 मिनिटं छेडला, एकाच टेकमध्ये. तुकडा उचलून परत परत चिकटवणं सोपं होतं, करूनही बघितलं, पण दर चाळीस सेकंदांनी तोच खर्ज तसाच येतो हे कानाला तिसऱ्या मिनिटाला कळतं, आणि मग तोच ताल होऊन बसतो. म्हणून हाताने. चौदाव्या मिनिटाला बोटाला पेटका आला, तिथे एक जोड जरा मऊ पडलाय. तसाच ठेवला.

रविवार, 9 मार्च

ताईचा आवाज. पहिला मजकूर तिने लिहून आणला होता : "आपल्या शरीरातील समस्त अशुद्धी धूम्रवर्ण वायूच्या योगे शुष्क होत आहेत." मी म्हटलं, ताई, गिरणीवाल्या वहिनी तुझ्यापुढे बसल्यात, त्यांना सांग. तिने कागद उलटा ठेवला आणि वहिनींना सांगितल्यासारखं बोलली : "धूर आठवा. चुलीतला, निळसर. डावीकडून आत येतोय." तेच घेतलं.

शब्द कमी कमी होत गेले. पहिल्या टेकला 11 मिनिटं बोलणं, चौथ्याला साडेतीन.

अडचणी : ठं म्हणताना माइकवर फटका बसतो, तोंड तिरकं धरून घेतलं. बीजं ताईने मोठ्याने म्हणायची का? पूरक करताना माणसाला बोलता येत नाही, मनातच म्हणायचंय. आवाज आला की लोक ऐकतात, म्हणत नाहीत. म्हणून फेरीच्या सुरुवातीला बीज एकदाच, मग गप्प. नाकाच्या शेंड्यावरचा चंद्र डोळे मिटूनच बघायचा. उघड्या डोळ्यांनी केलं तर कपाळ ठणकतं, मी करून बघितलंय.

तिसऱ्या फेरीत श्वास कुठल्या बाजूने सोडायचा हे आमच्या प्रतीत लिहिलेलं नाही. घ्यायचा इडेने, म्हणजे डावीने, एवढंच आहे. पहिल्या फेरीच्या चालीवर उजवी ठरवली.

शुक्रवार, 14 मार्च

धुळवड. नाकात रंग. काम नाही.

बुधवार, 19 मार्च

आज रेकॉर्डिंग नाही, पण हे लिहायलाच हवं.

घेरंडसंहितेच्या पहिल्याच अध्यायात शरीराला घट म्हटलंय, या योगाचं नावच घटस्थयोग. कच्चं मडकं पाण्यात ठेवलं तर जसं विरतं तसा हा घट सतत झिजतोय, तो योगाच्या अग्नीत भाजून शुद्ध करावा. ताई कुंभारवाड्यात माठ आणायला गेली होती, तिथून तिने न भाजलेल्या दोन पणत्या मागून आणल्या. आणि एक भाजलेली.

वर्गात पारदर्शक डब्यात पाणी भरून मधे ठेवलं. भाजलेली पणती सोडली. तळाशी जाऊन बसली, कडेने चार बुडबुडे आले, संपलं. मग कच्ची सोडली. आधी बारीक सूंसूं आवाज. मग सगळ्या अंगातून बुडबुड्यांच्या माळा. वात ठेवायची चोच पहिल्यांदा गेली, एक पापुद्रा सुटून डुलत डुलत खाली आला. मग कड ओघळली. पाच-सात मिनिटांत पणतीच्या जागी पणतीच्या आकाराचा चिखल, आणि पाणी गढूळ. सभामंडपात पंधरा माणसं, कुणी हूं की चूं नाही. माझ्या कुठल्याही ठेक्याला असली शांतता मिळाली नव्हती.

वकीलकाकांनी विचारलं, "भाजायचं म्हणजे जोर लावायचा ना?" ताई म्हणाली, "कुंभाराला विचारा. भट्टी एकदम पेटवली तर माठ तडकतो."

दुसरी कच्ची पणती दुकानवाल्या काकांनी मागून घरी नेली.

रविवार, 23 मार्च

दुसरी चाचणी, नवा ऑडिओ. 19 मिनिटं : तीन मिनिटं नुसतं बसणं, मग तिन्ही फेऱ्या चार वेळा, मधे साधा श्वास, शेवटी पाच मिनिटं काहीच नाही, फक्त तंबोरा.

एकही मान डोलली नाही. श्वास सगळ्यांचे वेगवेगळ्या वेळी सुटत होते. मी घड्याळ लावून चौघांचे मोजले : मिनिटाला सहा, सात, नऊ, पाच. बारा-वीसच्या घरातून इथे आले, तेही कुणी रेटलेलं नसताना. मन निवळलं की नाही हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. श्वास हलला की चित्त हलतं, श्वास थांबला की थांबतं, एवढा धागा हठप्रदीपिका देते, तोच धरून चालायचं.

गिरणीवाल्या वहिनींनी मागाहून गाठलं. "मला काय ते यं-बिं जमत न्हाई. मी आपली माझ्या पोरांची नावं घेतली. चार पोरं. घेताना एकदा, सोडताना दोनदा." ताई हसली नाही. म्हणाली, "तिसऱ्या फेरीला तेवढं लं म्हणा." शास्त्रात बसतं का, विचारलं. म्हणाली, "बीज आहे की नाही माहीत नाही, मात्रा बरोबर आहेत."

मला तीन बारीक दुरुस्त्या : "उजवी" या शब्दाआधी श्वासाचा फर्र आवाज, काढायचा. शेवटच्या पाच मिनिटांत आवाज किंचित खाली आणायचा. सुरुवातीला सूचना हवी : रक्तदाब, हृदय, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि कुणीही श्वास धरू नका. ताई म्हणाली, ही सूचना तुझ्या आवाजात टाक. टाकली.

रविवार, 30 मार्च (गुढीपाडवा)

वेळेत झालं. गुढी उभारून, कडुनिंबाचं पान चावून सगळे साडेसहाला बसले. एकोणीस जण, काही नुसते गूळ-खोबऱ्याला आलेले. दुकानवाले काका पहिल्या रांगेत, गोळी घेऊन, नाश्ता न करता पण केळं खाऊन, असं स्वतःच सांगितलं. कलंडले नाहीत.

फाइल सगळ्यांच्या फोनवर पाठवली. दोन आज्यांकडे साधा फोन आहे, त्यांना पेन ड्राइव्हवर. एकीच्या घरी पेन ड्राइव्ह लावायला फक्त नातवाचा स्पीकर, जो लावला की निळे दिवे लागतात. चालेल म्हणाल्या.

रविवार, 6 एप्रिल

आठवड्याचा हिशेब. रोज बसणारे अकरा. हठप्रदीपिकेत नाड्या शुद्ध व्हायला तीन महिन्यांची मुदत दिलीय, ती जूनअखेर भरते. पण तिथे रोज चार वेळा बसायचं आहे, पहाट, दुपार, संध्याकाळ, मध्यरात्र. आम्ही एकदा बसतो. त्रैराशिक मांडायला गेलो, ताईने पेन काढून घेतलं.

शेंगदाण्याच्या चिक्कीवरून मिताहारावर वाद. तो इथे नको.

वकीलकाकांनी आज पुन्हा विचारलं, "कुंभक कधी?"

"शरदात," ताई म्हणाली. "पाऊस सरू दे. पावसाळ्यात आरंभ नाही."

"आणि तबला?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तबल्याचा क्लास संध्याकाळी सहाला, फी वेगळी.

घरी आल्यावर कामाच्या फाइली आवरल्या. ठेक्याचे टेक पुसले, एक ठेवला, डग्गा चांगला आलाय म्हणून. कुंभकासाठी नवं फोल्डर केलं, त्याला नाव दिलं "शरद". आत सध्या एकच फाइल आहे, 2 फेब्रुवारीची : दहा-दहा चुटक्या, शेवटी आईची एक.